एक फुल, एक हाफ

वर्षालीच्या बाबांस,

सरकारचे पैसे आता दर महिन्याला माझ्या खात्यात येतात. तेलमिठासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. तुमच्या आजारपणात अकोल्याच्या दवाखान्यात पुन्हा जायला भाडं उरलं नव्हतं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मले बरं वाटून राहिलं, काहून जायचं?" बरं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

काल चष्म्यासाठी अकोल्याची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट लागतं. आपण दोघं जायचो त्या सवयीनं मी म्हणाले, "एक फुल, एक हाफ."

कंडक्टर हसला. "फुल कोनाचं, मावशी? तुमी तं एकट्याच!"

भाडं होतं. मी दोन्ही तिकिटं घेतली आणि खिडकीजवळची जागा मोकळी ठेवली.

तुमची,
जमुना