नातीच्या हापिसाची दवंडी

बा, माही नात, म्हंजे तुही पणती, लोकायच्या घरायची किंमत काढते. हे पहिले सांगून टाकते, कारण सांगितल्याशिवाय माह्या पोटात राहत नाही. विकत नाही आन घेतही नाही, दलाली तर मुळीच नाही. कोणाले घरावर कर्ज काढायचं असलं, भावाभावात वाटणी असली, कोर्टात भांडण असलं, तर ती जाते, भिंती मोजते, छत पाहते, आजूबाजूले काय भाव चालू आहे ते इचारते, आन कागदावर शिक्का मारून सांगते का बापा, हे घर एवढ्याचं आहे. इंजिनेर झाली, वरून ह्याची वेगळी परीक्षा पास झाली. तिचे मायबाप जालन्याले कंपनीत, पण ती लहानपणापासून माह्याजवळच वाढली. शिकल्यावर बाकीच्या पोरी पुण्याले गेल्या, ही नाही गेली. अमडापुरात बाजाराच्या रस्त्यावर खोली किरायानं घेतली, काचेचं दार लावलं, आन पहिल्या दिवशी मले तिच्या फिरत्या खुर्चीवर बसवलं. माहे पाय खाली टेकेनात. खुर्ची गरगर फिरली, मी म्हणलं, "बाई, थांबव आता, मले गाव दोनदा दिसून राह्यलं." हसता हसता तिच्या डोळ्यात पाणी आलं. लय चांगला दिवस होता तो.

मंग कोणीच आलं नाही.

बोर्डावर तिनं 'मालमत्ता मूल्यांकन' लिहिलं होतं. आजकाल शाळेत पोरायच्या परीक्षेले मूल्यांकन म्हणतात, तर एक बाई पोराले मार्क कमी पडले म्हणून पेपर तपासाले घेऊन आली. मीच म्हणलं, सोपं लिही, 'घराची किंमत काढून मिळेल'. तसं लिहिलं तर आणखीच बिघडलं. आपल्याकडं घराची किंमत कधी निघते, बा? घर विकाले निघालं तवा, नाही तर भाऊ वेगळे झाले तवा. काचेच्या दारातून आत गेलेला माणूस साऱ्या रस्त्याले दिसते, आन संध्याकाळपर्यंत गावात बोलणं होते का ह्याच्या घरात फूट पडली. मंग कोण येईन? बँकवाल्यायचा चिखलीचा माणूस आधीचाच ठरलेला. तिनं कागद छापून बाजारात वाटले, लोकायनं त्यात भजे बांधून नेले. मोबाइलवर जाहिरात टाकली, ती पाहून तिच्या पुण्याच्या मैत्रिणीच खुश झाल्या. त्यायचे घरं किरायाचे.

एक दिवस टेबल पुसता पुसता म्हणाली, "आजी, हा महिना पाहते. नाही जमलं तर पुण्याला नोकरी आहे एक." माह्याकडे न पाहता म्हणाली. मी भाजी निवडत होती, तर पालाच कचऱ्यात टाकला आन काड्या ठेवल्या.

तवा मले तू आठवला. तू गावचा कोतवाल, गळ्यात डफडं, आन तालुक्यावरून हुकूम आला का गल्लीगल्लीत दवंडी देत फिरायचा. तू हाक देल्ली का जेवता माणूस हात धुवून बाहेर यायचा. मी सहासात वर्षाची असन. माय चुलीजवळ भाकरी थापून राह्यली, आन मी तिचा रिकामा डबा गळ्यात अडकवून लाकडाच्या चाटूनं बडवतो, ऐका हो ऐका. माय हसून राह्यली. तेवढ्यात तू दारात. तू डबा काढून घेतो, पालथा ठेवतो आन म्हणतो, "हुकूम त्यायचा आन घसा आपला. हे माह्यावर मिटलं पाहिजे. तू शाळेत जाय." चार वर्ष गेली बा मी शाळेत, त्याच्यानंच हे एवढं लिहू तरी शकून राह्यली.

तर नातीनं एक आटो ठरवला, भोंगा लावून गावात फिरवाले. आवाज भरणारा माणूस चिखलीचा, त्याचा आवाज लग्नाच्या बँडवाल्यासारखा. मी म्हणलं, "राहू दे, मी भरतो." तुहं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. पण म्हणलं, या खेपेले हुकूमही आपलाच आहे. तिनं लिहून देल्लेलं मले पटपट वाचता येईना, म्हणून मी कागद बाजूले ठेवला आन मोबाइलसमोर तुह्यासारखंच म्हणलं. "ऐका हो ऐका. समद्या घरवाल्यायनं ऐका. आपआपल्या घराची किंमत काढून घ्या हो. कागदं घेऊन बाजाराच्या रस्त्यावर काचेच्या हापिसात या हो." नातीनं ऐकलं आन माह्या गळ्यातच पडली. "आजी, एकदम जबरदस्त."

दुसऱ्या दिवशी दुपारी हापिसासमोर ही गर्दी. मी तर येडीच झाली आनंदानं. पळत हाटेलात गेली, चहा सांगितला. परत येतो तर लोकं दारात लोटालोटी करून राह्यले, हातात सातबारे, घरपट्टीच्या पावत्या.

"रोड कुठून चालला ते सांगा पहिले."

"माहं घर कच्चं धरू नका हो मॅडम, मांगून विटा आहे."

"रोडात घरं गेले तर दुसरबीडकडच्या लोकायचं भलं झालं, आमचं काऊन नाही?"

तवा कुठं माह्या ध्यानात आलं. ऐका हो ऐका म्हणलं का तो सरकारचाच हुकूम, हे ह्या गावाच्या कानाले तूच शिकवलं होतं. त्यायले वाटलं, नवा रस्ता गावातून चालला, सरकार घरं घेते आन मोबदला देते.

नात पायरीवर उभी राह्यली. "काका, सरकारचा काही संबंध नाही. हे माझं ऑफिस आहे."

"मंग हुकूम कोणाचा?"

"हुकूम नाही काका. जाहिरात आहे."

"म्हंजे आमाले उन्हात उगंच नाचवलं का बे?" एक पोरगा ओरडला. आन माह्याच वयाचा एक म्हातारा, काठीवर रेलून, सावकाश म्हणाला, "कोतवालाची पोर ते. तो बोंबलत फिरे, आता हे बोंबलून राह्यली." लोकं हसले. काही जण चहा पिऊन गेले.

नातीनं काचेचं दार आतून लावून घेतलं. लोकायसाठी नाही, मले तिचं तोंड दिसू नये म्हणून. पण काचच ते. संध्याकाळी घरी जाताना मले म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही आजी." आन मंग फोनवर कोणाले तरी सांगितलं का एक तारखेपासून येते.

म्हणून लिहून राह्यली बा. कोणाले म्हणू? रस्त्यानं चालताना मी घरायकडं पाहतो, ह्याले तरी गरज पडो, त्याले तरी पडो. कोणाच्या घरात फूट पडावी असं मनात येते आन माहं मलेच भेव वाटते. आज ती बोर्ड उतरवून राह्यली. स्क्रू जाम झाला, तर मी मनातल्या मनात त्या स्क्रूले म्हणून राह्यली का ढिला होऊ नको.

हे तुह्यापर्यंत पोचत नाही, ते मले कळते. शेजारणीले मी सांगून ठेवलं का नात मले पुण्याले संगं चाल म्हणते, मीच गुडघ्यापाई नाही म्हणतो. तिनं अजून म्हणलं नाही, बा.