सुकेळी आणि संपूर्ण गुप्तता

५ जानेवारी
माणिकपूरच्या ऑफिसवर बोर्ड लागला. बी.ई. (मेकॅनिकल), एलएल.बी., पेटंट एजंट. पेंटरने डिग्र्या एवढ्या मोठ्या काढल्या की नाव कोपऱ्यात गेलं. असो. या वर्षी पहिलं पेटंट फाइल करायचंच.
संध्याकाळी पहिला क्लायंट. भुईगावचे भालचंद्रकाका, बाबांचे मावसभाऊ. राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी करायची तर आठवडा जातो. काकांनी बनवलेलं यंत्र एका दिवसात करतं. मी बजावलं, अर्ज जाईपर्यंत कुठे ब्र काढायचा नाही. एकदा जगजाहीर झालं की पेटंट गेलं. सोमवारपासून ड्राफ्टिंग.

१९ जानेवारी
ड्राफ्टचा फॉन्ट ठरला.
यंत्र पाहायला भुईगावला गेलो. काका माझा सल्ला तंतोतंत पाळतात. शेडला कुलूप, विमलाकाकूंनाही प्रवेश नाही. काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. इंजिनीअर या नात्याने मी पंखा उलटा बसवायला सुचवलं. काका म्हणाले, तू अर्ज लिही. येताना सुकेळी बांधून दिली.

३० जानेवारी
काकांचा फोन, अर्ज गेला का? म्हटलं, चांगला ड्राफ्ट सुकेळ्यासारखा असतो, वेळ लागतोच. म्हणाले, वेळ लागू नये म्हणूनच तर यंत्र केलंय. काकांशी अलंकारिक बोलून उपयोग नाही.

८ फेब्रुवारी
समाजाच्या मेळाव्यात माझं भाषण. विषय, 'पेटंट आणि गुप्तता'. उदाहरणाशिवाय मुलांना कळत नाही, म्हणून फळ्यावर यंत्र काढून दाखवलं. ट्रे, पंखा, चिमणी, सगळं. नाव मात्र घेतलं नाही. 'भुईगावचे एक काका' एवढंच. टाळ्या बऱ्याच पडल्या. मंडळाने यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. घरी नेत्रा म्हणाली, हे सांगायचं नव्हतं ना? बायकोला कायदा शिकवत बसलो नाही.

१ मार्च
ड्राफ्ट पूर्ण. फाइल करण्याआधी असं यंत्र आधी कुणी दाखवलंय का, हा शोध घ्यावा लागतो. चीन, जपान, ब्राझील, कुठे काही नाही. मग एक सापडलं. तेच ट्रे, तीच चिमणी. तारीख ८ फेब्रुवारी. वक्ता बोलतो छान.
काकांनी चार वर्षं घातलीत त्या यंत्रात.

३ मार्च
काकांना सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी उठून शेडचं कुलूप काढलं आणि काकूंना हाक मारली. म्हणाले, ये, तूही बघून घे. तूच तेवढी राहिलीस.

१० मार्च
काम आता स्टेफीकडे. अंधेरीच्या फर्ममध्ये माझ्या हाताखाली होती. एजंटची परीक्षा पहिल्या फटक्यात पास. (मी तिसऱ्या. पाया पक्का.) ती म्हणते, वाट आहे. मालकाच्या परवानगीविना दुसऱ्याने शोध फोडला आणि मालकाने लगेच अर्ज केला, तर पेटंट वाचू शकतं. फक्त फोडणाऱ्याने तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं.
एका बैठकीत लिहून दिलं. स्टेफी म्हणाली, सर, ड्राफ्टिंग एकदम क्लीन आहे.
आज ते काकांच्या अर्जासोबत गेलं. माझ्या नावाने पेटंट ऑफिसात गेलेला हा पहिला कागद.