मेणाच्या वड्या

२१ ऑक्टोबर
उजवी गोटी काढून अकरा दिवस झाले. वृषणाचा कॅन्सर. गावात, महाळुंग्यात, हर्निया म्हणून सांगितलंय. खरं फक्त आईला आणि बायकोला, आरतीला माहीत. चुलतभाऊ गोकुळ विचारतो, "हर्निया काय म्हणतोय, राव?" काय म्हणणार!

डॉक्टर म्हणाले, बाकी अंगात कुठं दिसत नाही. पुढं पसरेल का, तो प्रश्न आहे. गाठीतल्या पेशी रक्तवाहिनीत शिरल्या असतील तर दहातल्या पाच जणांना पसरतो. नसतील तर दीड-दोघांना. लॅबनं नेमकं तेच लिहिलेलं नाही. गाठीचे तुकडे मेणाच्या वड्यांत बसवून दिलेत, सोबत सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचा आहेत. तो डबा पुण्याला नेऊन परत तपासायचा. शिरल्या असतील तर किमो, नाहीतर नुसती नजर ठेवायची.

२२ ऑक्टोबर
डबा कपाटात नाही.

२३ ऑक्टोबर
आईनं पुरला — रानात, हळदकुंकू वाहून! "तुझ्या अंगाचा तुकडा त्यो. जित्या माणसाचं मांस घरात ठेवत्यात व्हय?"

जागा दाखवायला आली, पण खूण सापडेना. परवाच गोकुळनं ट्रॅक्टरनं सऱ्या पाडून बटाटा लावलाय. "हितंच व्हतं रं" असं चार ठिकाणी म्हणाली. मला टाके, म्हणून आरतीनं खणलं. काही नाही. मी आईवर ओरडलो. लई वाईट बोललो.

२८ ऑक्टोबर
डॉक्टर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, अंदाजानं किमोचा एक डोस घ्या, नाहीतर तीन महिन्यांनी स्कॅन. ठरवा तुम्ही.

आरती म्हणाली, "घ्या ना. माझ्यासाठी घ्या."

आई पाच दिवस धड जेवली नाही. माझे केस गेलेले दिसले तर जन्मभर स्वतःला खाईल. स्कॅनच करू म्हणालो. आरती बोलत नाही.

१८ नोव्हेंबर
संकष्टी. आई ओझरला अनवाणी चालत गेली. आणलेल्या दुर्वा माझ्या उशाखाली ठेवल्या. राहू दिल्या.

३ फेब्रुवारी
स्कॅन झाला. पोटात पाठीच्या बाजूला दोन गाठी. आता किमो तीन वेळा. "यातूनही बरे होतात," डॉक्टर म्हणाले. भीती वाटते. आरती एसटीत मंचरपर्यंत हात धरून बसली. एकदाही म्हणाली नाही, की मी सांगत होते.

आईला कसं सांगू?

६ फेब्रुवारी
बटाटा काढताना डबा निघाला. झाकण घट्ट, वड्या कोरड्या. आईनं पदरानं पुसून माझ्या हातात दिला. "गावला रं! आता जा पुण्याला, घे तपासून."

उद्या जातो म्हणालो. उद्या जायचंच आहे, पहिली किमो आहे.