आयनरच्या खांबावरचा झेंडा

मी, गुनवोर टोफ्टगोर, कै. विग्गो टोफ्टगोर यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा चर्चच्या दफनभूमीची राखण आणि बागकाम (आता निवृत्त), राहणार स्टेनविग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. नर्स तोवे हिने सकाळी मला वार, महिना आणि माझ्या मांजराचं वय विचारून खात्री करून घेतली. मांजर दोन वर्षांपूर्वीच मेलं, असं मी सांगितलं तेव्हा तिचं समाधान झालं.

कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही, असं यापुढे लिहायची रीत आहे. ते मी लिहिणार नाही. दडपण आहे, आणि ते माझा मुलगा आस्गर याचं आहे. आज तो तेलाच्या बाटल्या पोचवायला ऑरहूसला गेला आहे म्हणून सवड मिळाली. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. विशेषतः नाताळानंतर आस्गरने टाइप करून आणलेलं, ज्यावर मी चष्मा न लावता सही केली, ते.

१. मी कशाने मेले हे नंतर कोणी सांगेल असा भरवसा नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. मला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो यकृतात पसरला आहे. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या महिन्यात माझा हात हातात घेऊन सांगितलं की आता केमोचा उपयोग नाही. केमो चालू होती तेव्हापासून मी गांज्याचं तेल घेते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, औषधाच्या दुकानातलं, सकाळ-संध्याकाळ जिभेखाली. त्याने ओकाऱ्या थांबल्या, झोप लागली, तोंडाला चव आली. त्याचे उपकार मी नाकारणार नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं.

ते तेल काय करतं हे मला विग्गोच्या आजारात कळलं. तेव्हा ते दुकानात मिळत नव्हतं. मी टोमॅटोच्या काचघरात मागच्या रांगेत गांज्याची झाडं लावली. आयुष्यभर लोकांच्या थडग्यांवर फुलं वाढवली, ही झाडं काय जड होती? ज्याच्या पोटात सूपचा चमचाही टिकत नव्हता तो माझा नवरा चौथ्या दिवशी राय धान्याच्या काळ्या पावावर दोन हेरिंग मासे ठेवून खाऊ लागला आणि मला म्हणाला, "गुनवोर, मोहरीची चटणी संपली का गं?" मी चटणी आणायच्या निमित्ताने काचघरात गेले आणि हमसून हमसून रडले. विग्गो त्याच वसंतात गेला. तेलाने त्याला भूक दिली, आयुष्य दिलं नाही. हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

२. काचघर, त्यातली लाकडी फळ्यांची मांडणी, माझी दोन्ही फावडी, कात्र्या आणि विग्गोने मूठ बसवून दिलेलं खुरपं चर्चला द्यावं. माझ्यानंतर जो कोणी कबरी खणेल त्याने लहान फावडं आधी वापरावं. आमची जमीन वरून मऊ वाटते, पण खाली चिकणमाती आहे.

३. माझा शेजारी आयनर ब्रोगोर याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. विग्गो गेल्यावर आजूबाजूचे आजारी लोक माझ्याकडे तेलासाठी येऊ लागले. मी प्रत्येकाला दारातच सांगत असे, "हे घेऊन त्रास कमी होईल, रोग जाणार नाही. डॉक्टर सोडायचा नाही." पण आयनरच्या नाकात वास गेला आणि त्याने पोलिसांना फोन केला. दंड झाला, झाडं उपटली गेली. मी त्याला कुंपणावरून विचारलं, "का रे बाबा, तुझ्या काय पोटात दुखत होतं?" तर हा म्हणतो, "नियम म्हणजे नियम, गुनवोर. मला माहीत असलेली गोष्ट मी लपवू शकत नाही. रात्री झोप लागत नाही मला." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आज मी त्याला या मृत्युपत्राचा साक्षीदार केलं आहे. साक्षीदाराला कायद्याने काही देता येत नाही, त्यामुळे मला मनापासून आनंद होत आहे. त्याला का बोलावलं ते पुढे येईल.

४. तेल आटवायचा भाताचा कुकर. आमच्याकडे भात वर्षातून एकदा नाताळात शिजतो, तोही पातेल्यात, तेव्हा या कुकरचं दुसरं काही काम नव्हतं. पोलीस येऊन गेल्यावर मी तो माळ्यावर टाकला. आस्गरने तो खाली काढला. म्हणाला, "आई, तू लोकांना घाबरवत होतीस. त्यांना जे ऐकायचंय ते सांगितलं तर काय बिघडतं?" त्याने बाटल्यांवर छापील चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यांवर माझं नाव आणि खाली लिहिलं: 'कॅन्सर विरघळवणारं'. मी विचारलं, "कोणाचा विरघळला रे?" तो पुढची चिठ्ठी चिकटवत राहिला. हा कुकर कोणालाही देऊ नये. तो भंगारात नेऊन, तोवेच्या डोळ्यांदेखत, ठेचून टाकावा.

५. हेर्डिस हिच्याबद्दल. हेर्डिस म्हणजे आमच्या बेकरीवाल्याची बायको. तिच्या स्तनात गाठ होती, उपचार चालू होते, डॉक्टर आशेवर होते. आस्गरच्या बोलण्यावर तिने ते सोडले आणि चिठ्ठीवालं तेल घेत बसली. पानगळीत ती गेली. आस्गरने तिच्या नवऱ्याला सल्ला दिला की अंत्यविधी शांततेत करावा. आमच्याकडे तशी पद्धत आहे: घरातली चार माणसं, पाद्री, आणि गावाला नंतर पेपरातून दोन ओळी. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांच्यासाठी चांगली पद्धत आहे. पण इथे त्या दोन ओळीही आल्या नाहीत, दगडही बसला नाही. नवरा बेकरी विकून निघून गेला. हिवाळ्यात कबरीवर आम्ही सूचिपर्णी झाडांच्या फांद्या रचतो, तशा मी तिच्यावर रचल्या आणि ताजी माती झाकली गेली. अजून गावात लोक म्हणतात, "हेर्डिस बरी झाली ना? नॉर्वेला बहिणीकडे असते म्हणे." आणि आस्गरकडून तेल नेतात. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे ऐकून होते. ते माझ्या पोटी येईल असं वाटलं नव्हतं.

६. आता माझी पाळी आहे. नाताळात मी डुकराचं भाजलेलं मांस आणि साखरेत परतलेले बटाटे पोटभर खाल्ले. आस्गरने माझा फोटो काढला आणि जगभर पाठवला: 'माझी आई, तेलाने बरी झालेली'. केमोबद्दल त्याने एक शब्दही सांगितला नाही. यकृताचं कळल्यावरही तो फोटो मागे घेतला नाही. उलट दारात आलेल्यांना तो सांगू लागला, "आई झोपलीय, नंतर या." माझा फोन 'दुरुस्तीला' गेला. मागच्या आठवड्यात तो माझ्या पायांवरचं पांघरूण नीट करत म्हणाला, "आई, तुला गर्दी कधी आवडली नाही. तुझं सगळं शांततेत उरकू या, हं? कोणाला त्रास नको." इतक्या मायेने बोलला की क्षणभर मलाही बरं वाटलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. आमच्या अंगणातल्या झेंड्याच्या खांबाला दोर नव्हता.

हे गावाबाहेरच्यांना कळणार नाही. इथे घरात कोणी गेलं की अंगणातला झेंडा खांबाच्या निम्म्यावर चढवतात. मग कोणाला काही सांगावं लागत नाही, रस्त्याने जाणारा दूधवालाही टोपी काढतो. मी विचारलं, "दोर कुठंय रे?" तो म्हणाला, "कुजला होता, काढून टाकला." तो दोर मी उन्हाळ्यात नवा बसवला होता.

७. माझी सून सिग्ने हिच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. जानेवारीत तिच्या डाव्या स्तनात गाठ लागली. इस्पितळाची तारीख आली, ती गेली नाही. दुसरी आली, तीही सोडली. आस्गर तिला रोज सकाळी चमच्यातून तेल देतो. मी तिला सांगितलं, "पोरी, माझ्यात आजार तसाच आहे. मी मरायला टेकले आहे." ती हसून माझी उशी सारखी करत म्हणाली, "आई, तुम्ही उगाच मनात आणता. डॉक्टरांनी घाबरवलंय तुम्हाला. परवा दोन वाट्या सूप प्यायलात की!"

"ते तेलाने प्यायले गं, बरी झाले म्हणून नाही."

"तेच म्हणतोय ना आस्गर, तेलाने!"

माझे भरलेले गाल माझ्याविरुद्ध साक्ष देत आहेत. वेदना झाकल्या आहेत, म्हणून तिला वाटतं वेदना नाहीतच. डॉक्टरीणबाई सांगतात की अशी गाठ वेळेत काढली तर बाई म्हातारी होईपर्यंत जगते. माझी सिग्ने चौतीस वर्षांची आहे. मला तिच्यासाठी फार भीती वाटते, स्वतःसाठी वाटली नाही इतकी.

८. म्हणून हे घर, अंगण आणि बँकेतली शिल्लक सिग्नेला, तिच्या एकटीच्या नावावर. नवऱ्याचा त्यावर कसलाही हक्क चालणार नाही, घटस्फोट झाला तरी आणि न झाला तरी. तिला आतून कडी लावता येईल असं एक दार हवं. आस्गरला कायद्याने जेवढं द्यावंच लागतं तेवढं द्यावं, आणि त्यात विग्गोचं घड्याळ धरावं. ते बंद आहे. आस्गर, मी तुला वाढवलं, तू तापाने फणफणलास तेव्हा रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले, आणि आज तुझ्या पावलांचा आवाज आला की मी डोळे मिटून घेते. हे लिहिलं आहे, खोडणार नाही.

९. माझा अंत्यविधी शांततेत करू नये. चर्चची घंटा वाजवावी, दारं उघडी ठेवावीत, शवपेटीही आधी घरी उघडी ठेवावी आणि ज्याने फोटो पाहिला त्याने मला पाहावं. नंतरच्या कॉफीला पाद्रीसाहेबांनी या मृत्युपत्राचं पहिलं आणि पाचवं कलम मोठ्याने वाचावं. केकचे तुकडे मोठे कापावेत, म्हणजे लोक उठून जाणार नाहीत. माझ्या कबरीवर फांद्या टाकू नयेत. माती दिसू द्यावी.

१०. आता आयनर. मी गेले की त्याने स्वतःच्या अंगणातला झेंडा निम्म्यावर चढवावा आणि जो विचारेल त्याला कारण सांगावं. ज्याला माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवता येत नाही असा माणूस मला हवा होता, आणि असा गावात एकच आहे. मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने टोपी काढून हातात चुरगळली. मग म्हणाला, "आणि आस्गरने मला अडवलं तर?" मी म्हटलं, "तू पोलिसांना फोन कर. सवय आहे तुला." इतक्या वर्षांनी आम्ही दोघं एकत्र हसलो.

११. शेवटचं. मेल्यावर दाखवलेला पुरावा सिग्नेला उशिरा मिळेल. मी आणखी दोन महिने अशीच गुलाबी गालांनी जगले तर तिची गाठ तोवर थांबणार नाही. म्हणून आज दुपारपासून मी माझे तेलाचे थेंब बंद करत आहे. तोवे रागावली, मग रडली, मग म्हणाली की निर्णय रोग्याचा असतो. ओकाऱ्यांसाठी बादली पलंगाखाली ठेवली आहे. सिग्ने संध्याकाळी माझ्याजवळ बसते. तिने बसावं आणि पाहावं की ते तेल काय झाकत होतं.

ती इस्पितळात गेली आणि तपासून आली, तर आयनरने त्याच दिवशी झेंडा पार टोकापर्यंत चढवावा, वाढदिवसाला चढवतो तसा. माझ्या उशीवरून त्याचा खांब दिसतो. झेंडा टोकावर दिसला की तोवेने मला थेंब द्यावेत. त्याआधी देऊ नयेत, मी कितीही मागितले तरी.

वाचून पाहिलं. बरोबर आहे.

गुनवोर टोफ्टगोर
स्टेनविग, लिमफ्यॉर्डचा काठ
दिनांक ३ मार्च २०१९

साक्षीदार:

वरील बाईंनी आम्हां दोघांसमक्ष, पूर्ण शुद्धीत सही केली. थेंब बंद करण्याला माझा विरोध आहे, हे मी त्यांच्या परवानगीने इथे नोंदवते.
तोवे हुसुम, नर्स

वरीलप्रमाणे. माझा झेंडा इस्त्री करून दाराशी ठेवला आहे. दोर नवा आहे. आत्ता सही करताना आस्गरची गाडी वळणावर दिसते आहे. सिग्ने त्याच्याबरोबर आहे.
आयनर ब्रोगोर, शेजारी