हजेरीत तुझं नाव आलं तेव्हा

प्रिय इंजिन,

तू वयाने माझ्याहून मोठा म्हणून आधी वाकून नमस्कार, आणि अकलेने धाकटा म्हणून लगेच डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. दोन्ही एकदमच घे, माझी कंबर आता पुन्हा पुन्हा वाकत नाही. आमच्याकडे सगळं ठीक. बायकोचा गुडघा आणि माझा स्वभाव, दोन्ही डॉक्टरांच्या मते आहेत तसेच राहणार. तुझी तब्येत कशी आहे? म्हणजे खरोखर कशी आहे? जेवण जातं का, झोप लागते का, श्वास नीट चालू आहे ना? (शेवटचा प्रश्न मी उगाच विचारलेला नाही. पण लगेच शेवटचं पान उघडू नकोस. शाळेत गणिताची उत्तरं तू अशीच बघायचास आणि रीत विचारली की फळ्याकडे पाठ करून उभा राहायचास.)

तर आपल्या शाळेची जुनी इमारत पाडणार आहेत. त्याआधी एकदा आपल्या वर्गाने तिथे जमावं असं मॉनिटरच्या मनात आलं, आणि तिच्या मनात आलं म्हणजे ते झालंच. (ती आता आजी आहे. पण फोनवर तिचा आवाज आला की मी अजून खुर्चीत ताठ बसतो. बायको विचारते, कुणाचा फोन, पोलिसांचा का?) मी सदरा इस्त्री केला, नवा चष्मा घातला आणि वेळेच्या आधीच पोचलो. नवा चष्मा घातला हीच चूक झाली. आयुष्यभर लोकांचे चष्मे बनवले, पण स्वतःचा नंबर काढताना माणूस स्वतःला फसवतो, हे मी तुला अनुभवाने सांगतो. दारावरचा कागद मला वाचता आला नाही. आतून हसण्याचे आवाज आले, टकलं दिसली, मी आत गेलो. सगळ्यांनी उठून मला मिठ्या मारल्या. कुणी चहा दिला, कुणी खुर्ची पुढे केली. व्याकरणाच्या सरांची आठवण निघाली, त्यांच्या खिशातल्या खडूची निघाली, मधल्या सुट्टीत नळावर होणाऱ्या मारामारीची निघाली. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होतो आणि एका जागी तर माझे डोळेही भरून आले. मग ते म्हणाले, आता तू गाणं म्हण. मला नवल वाटलं, पण इतक्या प्रेमाने कुणी सांगितलं की नाही म्हणवत नाही. मी म्हटलं. पहिल्या ओळीनंतरच एका बाईंनी अगदी हळूच विचारलं की आपण नक्की कुठल्या वर्षीचे? त्यांच्या वर्गात म्हणे माझ्यासारखाच दिसणारा एक उत्तम गाणारा होता. तो मी नव्हे, हे सिद्ध करायला मला एक ओळ पुरली.

आपला वर्ग पलीकडच्या खोलीत होता. मोजकीच माणसं होती रे. खोली तीच, पण बाकं काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, त्यामुळे कुणी कुठे बसावं ते कुणालाच कळेना. शेवटी सगळे आपापल्या जुन्या जागेच्या अंदाजाने बसले आणि मधे मधे नुसत्या रिकाम्या जागा राहिल्या. खुर्च्या जवळ ओढून घ्या असं कुणी सुचवलं नाही. मला चेहरे ओळखू येईनात, मी चष्म्यांवरून माणसं ओळखली. निम्मे माझ्याच दुकानातले होते. आपला दातांचा डॉक्टर (बाकाच्या कडा कुरतडायचा तो) माझ्याशी एक शब्द न बोलता माझ्या तोंडात डोकावला, पुढचा वाकडा दात बघितला आणि म्हणाला, भिंगच आहे हा. असा प्रत्येक जण आपापल्या धंद्याप्रमाणे एकमेकांना ओळखत होता.

मग मॉनिटर सरांच्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, जे आपल्यात उरले नाहीत त्यांची नावं मी घेते, नंतर आपण क्षणभर उभे राहू. नावं सुरू झाली. गोलकीपरचं आलं. वर्गात झोपून परीक्षेत पहिला येणाऱ्याचं आलं. मग चिमणीचं आलं. तुला चिमणी आठवते ना? तिचा आवाज इतका बारीक की सरांना हजेरी ऐकूच जायची नाही, आणि वर्षभर शाळेत येऊनसुद्धा तिचे गैरहजेरीचे शेरे घरी जायचे. म्हणून शेजारी बसणारी मॉनिटर तिच्या नावाला खणखणीत "हजर" म्हणायची. परवा मॉनिटरने चिमणीचं नाव घेतलं, जरा थांबली, आणि सवयीने तिच्या तोंडून गेलं, "हजर". इंजिन, त्या खोलीत कुणी कुणाकडे बघेना. मी चष्मा पुसायला काढला, तर बाकीचेही आपापले चष्मे पुसतायत. (सगळ्यांच्या काचा एकदम खराब होणं हा माझ्या धंद्यातला पहिलाच प्रसंग.)

आणि त्यानंतर तिने तुझं नाव घेतलं.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तर ती पुढे म्हणाली, "इंजिन फार जीव लावणारा होता." मी बसल्या जागेवरून म्हणालो, "काळ चुकला, बाई. 'आहे' म्हण." मॉनिटरची चूक काढायची माझी ही आयुष्यातली पहिली वेळ. वाईट बातमी अजून न सांगितलेल्या घरातल्या म्हाताऱ्याकडे बघावं, तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, ही बातमी आणली कुणी? तर दातांच्या डॉक्टरने. त्याला कुणी सांगितली? एका पेशंटने, जो पूर्वी तुझ्याबरोबर लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. कधी सांगितली? दाढ काढताना. मी उभा राहिलो आणि त्याची उलटतपासणीच घेतली. पेशंटच्या तोंडात तेव्हा काय होतं? कापूस होता. किती? भरपूर होता. शिवाय जीभ बधिर केलेली. मग तो बोलला काय? डॉक्टर म्हणाला, साधारण "इंजिन गेला" असं काहीतरी. मी म्हणालो, अरे, माणूस गावाला जातो, मुलाकडे जातो, हवापालटाला जातो, कामावरून घरी जातो. अर्ध्या बधिर जिभेच्या भरवशावर तू त्याला थेट वर पाठवलंस? डॉक्टर ओशाळला. म्हणाला, पेशंटच्या डोळ्यात पाणी होतं. मी म्हणालो, तू दाढ उपटत होतास, डोळ्यात दुसरं काय येणार?

यावर सगळे हसले, आणि मला वाटलं, जिंकलो. पण मॉनिटर हसली नाही. तिने अगदी मऊ आवाजात विचारलं, "मग तो आहे कुठे? तू शेवटचा त्याला कधी भेटलास?"

आपलं भांडण झालेलं नाही, अबोला नाही. तू घर बदललंस, मी दुकान बदललं, आज करू उद्या करू करत फोन राहिला, एवढंच. पण भर वर्गात उत्तर येत नसलं की काय वाटतं ते तुला मी काय सांगायचं. मी खाली बसलो. सगळे मौन पाळायला उभे राहिले, मी बसूनच राहिलो. हात बांधून. गोलकीपर आणि चिमणी मला माफ करतील, मी त्यांच्यासाठी घरी वेगळा उभा राहिलो. पण तुझं नाव त्यात असताना मी उठणार नव्हतो. थोड्या वेळाने शेजारची खुर्ची करकरली. डॉक्टर खाली बसला होता. मग मागे कुणीतरी बसलं. शेवटी मॉनिटर एकटीच उभी राहिली, आणि ती म्हणाली, ठीक आहे, इंजिनाचं नाव मी तूर्त मागे घेते, पण शोध घ्यायचा तो भिंगाने.

घरी येऊन तुझा नंबर लावला. एक मुलगी म्हणते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी तिला म्हणालो, क्रमांकाचं राहू द्या, माणसाचं सांगा. ती तेच परत म्हणाली. बायकोने येऊन माझ्या हातून फोन काढून घेतला आणि ही मुलगी रेकॉर्ड केलेली आहे, तिच्याशी भांडू नये, एवढं सांगून चहा ठेवायला गेली. कपाटात मग तुझा जुना पत्ता सापडला: डेअरीच्या वर, डाव्या हाताचा जिना. लोकांच्या लिफ्ट चालू करत जन्म काढलास आणि स्वतः जिन्याचं घर घेतलंस, हे फक्त तुलाच जमतं. त्याच पत्त्यावर हे पत्र टाकतोय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
भिंग

ता. क. : उत्तर लगेच पाठव, आणि स्वतःच्या अक्षरात पाठव. मजकूर काही नसला तरी चालेल, मला दोन शिव्या घातल्यास तरी पुरे. तुझं ते अक्षर कुणाला खोटं काढता येणार नाही, मॉनिटरसुद्धा मानेल.

आणखी एक ता. क. : हे पत्र इंजिनाऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणी उघडलं असेल, तर वहिनी, किंवा बाळांनो, जो कुणी असेल त्याला माझा नमस्कार. तुम्ही उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. मला काही कळवू नका. मी मॉनिटरला सांगेन की पत्र अजून वाटेतच आहे. ती टपाल खात्याला दोष देईल. त्यांना सवय आहे.