क्रीडारत्नाचं सीलबंद मत

१० नोव्हेंबर १९९८, खांडबारा
टपालाने लिफाफा आला. नव्या जिल्ह्याचा पहिला क्रीडारत्न पुरस्कार. सहा तालुके, सहा परीक्षक, नवापूरचा मी! मतपत्रिकेवर एकच नाव लिहायचं, लाखेचं सील करून सचिव गिरधरभाईंना रजिस्टर्डने पाठवायचं. परीक्षकांनी आपसात बोलायचं नाही. बावीस वर्षं पीटी शिकवतोय, एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता. ठरवलं: खेळाडू स्वतः पाहिल्याशिवाय मत नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार
धडगावची रमिला पावरा. पाच हजार मीटरला राज्यात दुसरी. पुरस्कार मिळाला तर क्रीडा वसतिगृहात सिलेक्शन, नाहीतर घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला, असं तिच्या सरांचं पत्र. कळवून टाकलं, काळजी नसावी, मत तिलाच. तरी तत्त्व म्हणून धडगावला जाणारच. आज घाटातल्या जीपचा विचार करूनच बेत पुढे ढकलला. पुढच्या रविवारी नक्की.

२२ नोव्हेंबर
जाणं रद्द. सारंगखेड्याहून मेहुणा आला, वांगी घेऊन. त्याचा मुलगा धीरज व्हॉलीबॉल खेळतो, म्हणजे टीमबरोबर जातो. तोही यादीत! जेवताना बायको नूतन म्हणाली, "भाचाले एक मत दिधं तर काय बिघडी जाई?" तिला बजावलं, घरात हा विषय नको. भरीत उत्तम होतं.

२६ नोव्हेंबर, दुपारी ४
मतपत्रिका तीस तारखेच्या आत पोचायला हवी. शांतपणे विचार केला. बाकीचे पाच रमिलालाच देणार. माझ्या एका मताने तिचं काही अडत नाही, घरात मात्र शांतता राहील. धीरजचं नाव लिहिलं. लाखेने बोट भाजलं.

५ डिसेंबर
गिरधरभाईंचं पत्र. सहा मतं, सहा नावं! तळोदेकरांचा पुतण्या, शहादेकरांचा जावई, धडगावच्या परीक्षकाचा साडू. लोकांना लाजच उरली नाही. रमिलाला एकही मत नाही. मग चिठ्ठ्या टाकल्या, धीरजचं नाव निघालं. नूतनने पेढे वाटले.
पत्र पुन्हा वाचलं. सगळ्यांनी माझ्यासारखाच विचार केला असणार. फार लाज वाटतेय. पेढा खाल्ला.

१३ डिसेंबर, रविवार
रमिला आली होती. घरचे स्टेशनवर, सुरतच्या गाडीला तास होता. कुणाला किती मतं, तिला ठाऊक नाही. म्हणाली, सर, बाकीच्यांनी नाही दिलं, तुम्ही तरी दिलंत. पाया पडली. खरं सांगायला तोंड उघडलं आणि चहा घेणार का, एवढंच विचारलं.
नको म्हणाली. पुढच्या वर्षीही परीक्षक म्हणून तुम्हालाच ठेवा, असं गिरधरभाईंना पत्र टाकलंय म्हणे.