मीटर सांगायचं की वार

माझ्या लग्नाचं लुगडं तुम्ही स्वतःच्या हातानं मोजून फाडलंत आणि तेसुद्धा आखूड निघालं. सासरी मला नेसवायला बसलेल्या बायकांच्या हातातलं कापड काष्ट्यापाशी संपलं. सासू म्हणाली, "कापडवाल्याची पोर ना ही? बापानं पोटच्या पोरीलाही सोडलं नाय." सगळ्या फिदीफिदी हसल्या. पुढं त्या घरात कुणाला मला गप्प करायचं असलं, तर त्या लुगड्याचं नाव काढलं की भागायचं. हे आधी सांगून टाकते, बाबा. खुशाली विचारत नाही. तुम्ही मेलेले आहात, तुमच्यात आता काय कमी-जास्त होणार.

अक्षर असंच येणार. दुसरीतून काढलंत तेव्हा जेवढं येत होतं तेवढ्यावर आयुष्य काढलं. बाकीचं नातीच्या पुस्तकांत डोकावून आणि औषधांच्या खोक्यांवरचं वाचून शिकले. वेलांट्या चुकतील, चुकू देत, तुम्हाला तरी कुठं येत होत्या.

बोईसरचा आठवड्याचा बाजार अजून दिसतो मला. तुम्ही घोंगडी अंथरून बसलेले, गाठोडं सुटलेलं, मी कापडाचं टोक धरून उभी. डोंगरातल्या बाया येतात, काकड्यांच्या पाट्या विकून मोकळ्या झालेल्या. "ये गं माय, बस," तुम्ही म्हणता. असा गोड आवाज आमच्या घरात कुणी कधी ऐकला नाही. वारभर लांब लोखंडी गजावर कापड ताणता, गज संपला की चिमटीत धरता, आणि पुढचा वार लावताना अंगठ्याएवढं कापड हळूच मागं घेता. दर वाराला एक अंगठा. ती बाई तुमच्या तोंडाकडे बघत असते, कारण तुम्ही तिला पोराबाळांचं विचारत असता. मी शाळेत नुकतीच पट्टीनं रेघ मारायला शिकलेली. मला आपलं वाटलं, बाबांची चूक होतेय. मी मोठ्यानं म्हटलं, "बाबा, अंगठा मागं गेला." बाईनं हातातलं कापड सोडलं आणि ती उठून पलीकडच्या दुकानावर गेली. तुम्ही बाजार उठेपर्यंत हसत होतात. मग गाठोडं बांधलंत, आजूबाजूचे गेल्याची खात्री केलीत आणि तोच गज माझ्या हातावर घातलात. करंगळी तेव्हापासून वाकडी आहे. दुसऱ्या दिवशी शाळा बंद. आईनं हळद लावली आणि म्हणाली, "तोंड आवरायला शीक." ती काही तुमच्यापेक्षा बरी नव्हती, पण आज तिची पाळी नाही.

आता इकडचं ऐका. पालघर आणि बोईसरच्या मध्ये जो माळ होता, जिथं गुरं चरायची आणि तुम्ही गाठोडं टेकवून विडी ओढायचात, तिथं आता गोल्फचं मैदान झालंय. मैदान म्हणजे कोसभर हिरवळ, मधे तळं, आणि ठिकठिकाणी वाटीएवढं भोक. खाऊनपिऊन सुखी असलेली माणसं काठीनं पांढरा चेंडू मारतात, त्याच्यामागं चालत जातात, पुन्हा मारतात, आणि शेवटी भोकात घातला की लगेच वाकून बाहेर काढतात. "काढायचाच होता तर घातला कशाला?" मी नातीला विचारलं. ती म्हणाली, "आजी, तुला नाय कळायचं." मी म्हटलं, "मला कळतंय म्हणून तर विचारतेय."

ही नात माझ्या मुलाची मुलगी. मुलगा बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जातो, सून रंगाच्या कंपनीत पॅकिंगला. सुनेचे हात मनगटापर्यंत पिवळे आहेत, ती पोळी लाटायला बसली की मी दुसरीकडे बघते. पोरगी बारावीला आपटली तेव्हा तिचीही जागा त्या कंपनीत ठरल्यात जमा होती. पण ती मैदानावर कॅडी म्हणून लागली. म्हणजे खेळणाऱ्यांची काठ्यांची पिशवी वाहायची, चेंडू शोधायचा, भोक किती लांब ते सांगायचं. सोमवारी मैदान बंद असतं तेव्हा कॅडींना खेळायला देतात. एकदा मी डबा घेऊन गेले होते तेव्हा तिला मारताना पाहिलं. काठी मागं गेली, कंबर फिरली, आणि चेंडू असा गेला की मी तोंडातलं पान गिळलं. येत्या सोमवारी कॅडींची स्पर्धा आहे. जिंकेल त्याला क्लब स्वतः शिकवून मास्तर करणार आहे, खेळ शिकवणारा मास्तर. नाहीतर तिला आईच्या शेजारी पॅकिंगच्या टेबलावर उभं राहायचंय. मधली वाट नाही.

हल्ली भोक किती लांब ते डोळ्यानं सांगत नाहीत. साबणाच्या वडीएवढं यंत्र निघालंय. हातात धरायचं, ते वर आभाळातल्या उपग्रहाला विचारतं आणि आपण उभे आहोत तिथून हिरवळ किती लांब ते आकड्यात दाखवतं. पोरीनं मला दाखवलं. मी म्हटलं, "हे आकडे कसले?" म्हणाली, "यार्ड. म्हणजे वार." "आपला वार? लुगड्याचा?" "तोच गं आजी." मला हसू आवरेना. एवढं आभाळात जाऊन यंत्रानं काय आणलं, तर तुमचा गज. फरक एवढाच की त्याला अंगठा नाही. निदान मला तसं वाटलं होतं.

गेल्या रविवारी मी डबा घेऊन गेले. कॅडींची शेड तळ्याच्या कुंपणाला लागून आहे, तिथं सावलीला बसले होते. माझी नात एका शेठची पिशवी घेऊन आली. कारखानदार माणूस, पोट पट्ट्याच्या बाहेर, टोपी मात्र पोरांची. त्याच्याबरोबर खेळत होते एक म्हातारे साहेब, पॉवर प्लँटमधून रिटायर झालेले. दर रविवारी दोघांची पैज लागते. हरेल त्यानं सगळ्यांना चिंचणीला नेऊन पापलेट खायला घालायचं. म्हाताऱ्याच्या यंत्राची बॅटरी गेली होती. शेठचं यंत्र माझ्या नातीच्या हातात. म्हातारा अजून मागं चेंडूपाशी येत होता, तेवढ्यात शेठ तिच्या कानाशी लागला. मी चार हातांवर बसलेली, पण आमच्यासारख्यांना कान असतात हे त्यांच्या गावीच नसतं. "अंकल पूछेंगे तो मीटरवाला नंबर बोलना. सिर्फ नंबर. समझी?" आणि स्वतःच यंत्राचं बटण दाबून दिलं.

तुम्ही असतात तर त्याला घोंगडीवर शेजारी बसवून घेतलं असतंत, बाबा. कारण हा तुमच्यापेक्षा हुशार निघाला. मीटर वारापेक्षा मोठा, त्यामुळे मीटरमधला आकडा लहान येतो. इथं सगळे वारातच बोलतात. पोरगी नुसता आकडा बोलली असती तर म्हातारा तो वार समजला असता, जवळच्या टप्प्याची हलकी काठी घेतली असती, आणि चेंडू तळ्यात. खोटं कुणी बोललंच नाही. आकडा खरा, यंत्र खरं, फक्त एक शब्द गिळायचा.

म्हातारा आला. "काय गं पोरी, किती दाखवतंय?"

"एकशे सदतीस," ती म्हणाली. शेठ तळ्याकडे बघत उभा. म्हाताऱ्यानं पिशवीतून काठी उपसली. आणि मग माझी नात, तिला कुणी विचारलेलं नसताना, म्हणाली, "मीटर हां साहेब. वारात दीडशे."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, शेठकडे बघितलं, काठी बदलली. चेंडू तळं ओलांडून भोकाजवळ जाऊन बसला. मग तो म्हातारा काय म्हणाला असेल? शाब्बास म्हणाला असेल, असं तुम्हाला वाटेल. तो टाळी वाजवून हसला आणि म्हणाला, "शेठ, तुमचीच पोरगी तुमच्यावर उलटली की हो!" झालं. शेठही हसला. तसं हसणं मी ओळखते. माणूस तसा हसला की नंतर कुणालातरी मार बसतो.

संध्याकाळी कॅडी मास्तरनं, म्हणजे कॅडींच्या मुकादमानं, तिला बोलावलं. तो मुरबे गावाकडचा, मनानं वाईट नाही, पण त्यालाही घरची पोटं भरायची आहेत. "शेठ म्हणतात, मुलीला मशीन वाचता येत नाय, चुकीचे आकडे सांगते. मी काय करू? मंगळवारी बाहेरगावचे पाव्हणे खेळायला येतायत, शेठ हाय त्यांच्यासोबत. तू ये, सगळ्यांसमोर म्हण, मला मशीन वाचता येत नाय, माफ करा. मग खेळ पुढच्या सोमवारची मॅच. नायतर नाव कापावं लागंल मला." पोरगी धावत म्हाताऱ्याच्या गाडीपाशी गेली. "साहेब, तुम्ही तरी सांगा ना, मी बरोबर बोलले." म्हातारा म्हणाला, "पोरी, आम्ही दर रविवारी एकत्र खेळतो. मी यात कशाला पडू?" काच वर गेली आणि गाडी पापलेट खायला निघून गेली. तिनं खरं सांगितलं म्हणून जिंकलेलं पापलेट.

घरी आली आणि म्हणाली, "मी नाय माफी मागणार." तिचे आईबाप दोघंही कामावर. घरात आम्ही दोघीच. आणि बाबा, मी जे बोलले ते असं. "तुला विचारलं होतं का कुणी? आकडा सांगून झाला होता ना, मग पुढं तोंड उघडायची काय गरज? तो म्हातारा तुझा कोण लागतो? तळ्यात गेला असता त्याचा चेंडू, दुसरा घेतला असता. जा आता कंपनीत. आईसारखे हात पिवळे करून घे, लग्नात हळद लावायला नको." ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. रडली असती तर मी थांबले असते बहुतेक. न रडणाऱ्या पोरीला आणखी बोलावंसं वाटतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. मी आणखी बोलले. ते लिहीत नाही.

मंगळवारी मी स्वतः तिच्याबरोबर गेले. ती नीट बोलते का ते बघायला. शेठ पाव्हण्यांबरोबर खुर्च्या टाकून लिंबू-पाणी पीत होता. माझी नात उभी राहिली, पाय जोडून, शाळेत उभं करतात तशी. म्हणाली, "मला मशीन वाचता येत नाही. माफ करा." शेठ म्हणाला, "जोर से बोलो, इनको भी सुनाई दे." ती जोरात बोलली. पाव्हण्यांतली एक बाई "सो स्वीट" की काय म्हणाली. मग शेठनं यंत्र तिच्या हातात दिलं, "चलो, सीखो," आणि तिनं पिशवी उचलली. कॅडी मास्तरनं नाव पुन्हा लावलं. सगळं जिथल्या तिथं आलं. मी परत येताना रिक्षात पान लावून खाल्लं.

तेव्हापासून ती माझ्या हातचं खाते, भांडी घासते, विचारलं तेवढं बोलते. परसात काठी फिरवते, चेंडूशिवाय. मी बघते तर थांबते. काल मी न राहवून म्हटलं, "खेळायला मिळतंय ना? मग तोंड कशाला पाडून बसलीस?" तिनं लहानपणापासून तुमच्या गोष्टी माझ्याकडून ऐकल्यात. झोपवताना मी तिला राक्षसाच्या सांगत नसे, तुमच्या सांगायचे. ती म्हणाली, "आजी, त्या दिवशी ते सगळं तू बोललीस, का तुझे बाबा?"

"मीच," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि आत गेली. विश्वास ठेवला की नाही, कळायला मार्ग नाही.

हे कागद कुठं धाडायचे नाहीत. तुमचा पत्ता स्मशानाचा, तिथं पोस्टमन जात नाही, आणि गेला तरी तुमच्या वाटणीची राखही आता तिथं नसेल. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगते, तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. पाव्हण्यांसमोर तिनं मान खाली घातली तेव्हा मला लाज नाही वाटली. हायसं वाटलं. अगदी गार पाणी प्यायल्यासारखं. आणि ते वाटणं माझं होतं की तुमचं, ते मला सांगता येत नाही.

ती पुन्हा विचारणार. माझी नात आहे, एकदा विचारून गप्प बसायची नाही. सोमवारी जिंकली तर विचारेल, हरली तर जास्तच विचारेल. तेव्हा मी काही बोलणार नाही. मेलात म्हणून सुटलात असं समजू नका. तिला उत्तर तुम्ही द्यायचं.